चार बोटं कापूस

कापूस फुटला की सकाळचं रान दवानं भिजलेलं असतं. ओला कापूस वेचायचा नसतो. तो गोणीत गरम होतो, पिवळा पडतो. म्हणून आम्ही बाया उन्हं चढायची वाट बघत बांधावर बसून राहतो. पायाखालची माती गार, डोक्यावर कोवळं ऊन आणि समोर सगळं रान पांढरं. कुणी तंबाखू मळते, कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगते. मी ऐकते. मला बोलता फारसं येत नाही, ऐकता येतं. म्हणून सगळ्याजणी मला जवळ बसवतात.

यंदा अशाच बसलो होतो तेव्हा माझे दीर, आमचे भाऊजी, मोटारसायकल घेऊन रानात आले. आदल्या दिवशीची गोणी त्यांनी सीटवर आडवी टाकली आणि दोरी आवळली. कव्हर टरकन फाटलं. आतला पिवळा फोम दिसला.

"घ्या," भाऊजी म्हणाले, "आता चाचाकडं जावं लागतंय. वैनी, तुम्हीबी चला. सीट तुमची हाये."

बाया हसल्या. गाडी भाऊजींची आणि सीट वहिनीची, असं कुठं असतं का. पण भाऊजी हसले नाहीत, आणि मीही नाही. मी उठले, ओटी बांधली आणि दव वाळायच्या आधीच वेचायला लागले.

ती सीट माझीच आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी ती डोक्यावरून टेंभुर्णीला नेली होती आणि डोक्यावरूनच परत आणली होती.

त्या हिवाळ्याचं पहिलं काय आठवतं, तर थंडी. पहाटेची नाही, चालत्या गाडीवरची थंडी. ती वेगळी असते. ती अंगाला समोरून लागत नाही. गुडघ्यातून शिरते, बोटांच्या पेरात बसते. आमच्या गावाहून राजूर आणि राजूरहून जालना, दीड तासाचा रस्ता. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, किडन्या गेल्या होत्या. जालन्याच्या दवाखान्यात मशीनवर त्यांचं रक्त धुवायचे. त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, इथं वहीतही घेत नाही.

मशीनचा नंबर सकाळी आठचा. बस त्यानंतर यायची. जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून गाडी. पुढं भाऊजी, मधे मालक आणि मागं मी, त्यांना धरायला. जाताना ते नीट बसायचे. येताना अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखे व्हायचे; मान भाऊजींच्या पाठीवर पडायची आणि कंबर एका बाजूला घसरायची. एका अंगानं बसून असं माणूस सावरता येत नाही. पहिल्या खेपेला राजूरच्या पुढं ते घसरलेच होते. दुसऱ्या खेपेपासून मी दोन्हीकडं पाय टाकून बसायला लागले.

लिहायला सोपं आहे. लुगड्यातली बाई, डोक्यावर पदर, आणि गाडीवर पुरुषासारखी बसून गावातून जायची. पहिल्या दिवशी मी मान खाली घातली ती थेट राजूर आल्यावर वर केली. गावात बोलणं झालंच. हापशावर एकजण म्हणाली, "काय गं, घोड्यावर बसून कोणता किल्ला घ्यायला चाललीस?"

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, मागंच उभ्या होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला.

"नवऱ्याला धरून बसती माही सून. तुह्यावानी दुसऱ्याच्या घरात तोंड घालून न्हाई बसत."

त्यानंतर कुणी काही म्हणालं नाही. आणि मलाही हळूहळू त्या बसण्याची सवय झाली. सवय कशाची, खरं तर वेगळंच काही झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एक लेक वाढवली, शहागडला नांदायला पाठवली, पण चारचौघांत मी कधी त्यांच्या अंगाला हात लावला नव्हता. त्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, सगळ्या जगासमोर, मी त्यांना दोन्ही हातांनी धरून बसत होते. स्वेटरमधून बरगड्या लागायच्या. मी त्या मोजायची नाही. मोजल्या असत्या तर कमी होत चाललेलं मांस समजलं असतं.

जुनी सीट बसली होती. आतला फोम चुरा झालेला, खड्डा आला की खालचा पत्रा लागायचा. मालकांच्या बुडावर मांस राहिलं नव्हतं. एका शुक्रवारी परतताना ते म्हणाले, "गज्या, गाडी थांबव. थोडं उभा ऱ्हातो." भाऊजींना ते गज्या म्हणायचे. रस्त्याच्या कडेला बाभळीला धरून ते उभे राहिले. समोरच्या विहिरीवर कुणाची तरी मोटर चालू होती, पाट भरून वाहत होता. दवाखान्यातून त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, दिवसाला दोन फुलपात्री. ते त्या पाटाकडं बघत उभे होते आणि मी त्यांच्याकडं. भाऊजी म्हणाले, "दादा, सीट बदलून घेऊ. बसनंच जमत न्हाई तर जानं कसं जमंल?"

खरंच होतं ते. रक्त धुतलं नाही तर माणूस राहत नाही, आणि दीड तास बसता आलं नाही तर रक्त धुता येत नाही. सगळं त्या एका सीटवर येऊन टेकलं होतं.

नजीरचाचांचं दुकान टेंभुर्णीच्या स्टँडजवळ आहे. पत्र्याचं शेड. खुंट्यांना सीटा टांगलेल्या, रेक्झिनचे गोल गुंडाळे उभे, आणि सगळीकडं त्या रेक्झिनचा नवा, उग्र वास. त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं. त्यांचे वडील गावोगाव गाद्या करत फिरायचे. आमच्या लग्नातली गादीही त्यांच्याच हातची. पुढं लोक तयार गाद्या आणायला लागले, तसे चाचा सीटांकडं वळले. पण कापूस पिंजायची वडिलांची कमान त्यांनी टाकली नव्हती. ती शेडात वर आडवी टांगलेली होती.

चाचा कुणालाही आधी सीट दाखवत नाहीत. तीन गोष्टी विचारतात. "कोन बसनार? किती टाइम बसनार? रस्ता कोनता?" भाऊजींनी सांगितलं. चाचांनी मालकांकडं एकदाच पाहिलं, मग नजर काढून घेतली आणि फळीवर फोमचा एक गुलाबी तुकडा ठेवला.

"बसा."

मालक बसले. "वा! हे भारी हाये चाचा. हेच टाका."

"हे दुकानातलं सुख हाये," चाचा म्हणाले. "हितं बसलं की भारी वाटतं. राजूर येईस्तोवर दबून पत्रा लागतो. उठा." मग त्यांनी एक पिवळा, जाड तुकडा ठेवला. "आता ह्याच्यावर बसा."

"हा तर दगड हाये."

"बसल्या बसल्या दगडच वाटतो. पन तो अंगाला धरून ठेवतो. मऊ फोम बुडाला आवडतो, टणक फोम हाडाला. दीड तासाच्या रस्त्याला हाच लागतो. अन् दोन वर्षं बिलकुल हात लावायचं काम न्हाई."

"दोन वर्षं," मालक म्हणाले. मग हसले. "चाचा, दोन वर्षं घेऊन मी काय करू?"

चाचांच्या हातात जाड सुई होती, ती तशीच राहिली. भाऊजी उठून बाहेर गेले आणि गाडीचं चाक दाबून बघायला लागले. चाकाला काही झालं नव्हतं. मी शेडाच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर उभी होते. बाजारच्या दुकानात मी नेहमी अशीच उभी राहते.

"असं करा," मालक म्हणाले, "आपल्या घरचा कापूस भरून द्या."

"कापूस?" चाचा म्हणाले. "अहो मी पिंजाऱ्याचा. कापसाचं मला सांगू नका. कापूस दबतो. गादी असली तर उन्हात टाकता येते, बडवता येते, सालाला पिंजता येते. सीटला कोन पिंजनार?"

"दबू द्या की. जन्मभर पिकवला अन् लोकाला दिला. एकदा तरी बूड टेकू द्या त्याच्यावर."

चाचा हसले. बाहेर चाकापाशी भाऊजीही हसले. किती दिवसांनी मालक असं काही बोलले होते. तो कापूस त्यांनी स्वतः लावलेला होता. पाऊस पडल्यावर सरकी टोबताना ते धडधाकट होते. बोंडं धरेपर्यंत पाय सुजायला लागले. ते रान त्यांना नंतर नीट बघताही आलं नव्हतं. त्यातला कापूस अंगाखाली असावा असं त्यांना वाटलं, तर त्यात काय वावगं?

पण चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "बेटी, तू सांग. तुला म्हाईत हाये न गादीचं?"

मला माहीत होतं. कोणत्या बाईला माहीत नसतं? नवी गादी आठ दिवस फुगलेली असते, मग माणसाच्या अंगाखाली खड्डा पडतो, कडेला गाठी होतात. मला पिवळा फोमच हवा होता. शब्द ओठापर्यंत आला होता. पण मालकांनी आत्ताच म्हटलं होतं, दोन वर्षं घेऊन काय करू. त्यावर मी फोम मागायचा म्हणजे दोन वर्षं मागायची. एवढं मोठं काही मी कधी कुणाकडं मागितलं नाही, देवाकडंही नाही. जाता-येता राजूरला गणपतीच्या देवळाकडं हात जोडते, तेव्हाही नुसते जोडते.

मी पदर तोंडाशी धरला आणि म्हणाले, "ते म्हणतात तसं."

नुसत्या कापसानं होणार नाही म्हणून खाली जुन्या फोमचा बरा तुकडा ठेवायचा आणि वर चार बोटं कापूस, असं चाचांनी ठरवलं. सरकी काढून आणा म्हणाले, पिंजून मी देतो.

आठ दिवस दुपारी मी आणि आत्या अंगणात सरकी काढत बसलो. वातीसाठी मूठभर कापूस आपण नेहमी निवडतो. सीटभर कापूस निवडणं वेगळं. अंगठ्याची कातडी सोलवटते. सरक्या म्हशीच्या पाटीत पडायच्या टप टप, आणि मालक बाजेवर पडून तो आवाज ऐकायचे. मधेच म्हणायचे, "आई, कवडी राहिली त्याच्यात. मला टोचंल बरं." आत्या म्हणायच्या, "राजा हायेस का तू?" "राजा न्हाई तर काय. सिंहासन भरून ऱ्हायले तुम्ही दोघी." शेजारपाजारच्या बायाही येऊन बसायच्या, दोन मुठी निवडून द्यायच्या. त्या आठ दिवसांत घरात आजारपण नव्हतं असं मला आता वाटतं. घरात काहीतरी कार्य असावं, तसं होतं.

चाचांनी वडिलांची कमान खाली काढली. तिच्या तारेचा आवाज मी लग्नाआधी माहेरी ऐकला होता, नंतर नाही. टंय् टंय् टंय्. शेडात कापसाचा धूर झाला. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. चाचांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि ते घामानं डबडबले होते, पण चेहरा असा दिसत होता, जणू खूप वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारली असावी. चॉकलेटी रेक्झिन, पांढरी दोरा-शिलाई. सीट पोळ्याच्या बैलाच्या खांद्यासारखी फुगून आली.

पहिल्या मंगळवारी मालक त्यावर बसले आणि भाऊजींना म्हणाले, "चाल रं. गादीवर बसून चाललो म्हणा दवाखान्याला." राजूरपर्यंत ते एकदाही उभे राहायला उतरले नाहीत. धुकं होतं. दोन्ही बाजूंची कापसाची रानं त्या धुक्यात कुठं संपतात आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मी त्यांना धरून बसले होते. मला वाटलं, हा रस्ता इथंच असाच राहावा. जालना येऊ नये, परतही यायची गरज पडू नये.

सुख आठवायला बसलं की माझ्या हाती एवढंच लागतं. एक मंगळवार, एक शुक्रवार, आणखी एक मंगळवार.

मग कापूस दबला. चाचा म्हणाले होते तसाच. मी मागं बसत होते तिथं खळगा पडला, तर मधे, जिथं ते बसायचे तिथं काय झालं असेल? मी विचारलं, "आवं, टोचतं का?"

"न्हाई. बराबर हाये."

पुढच्या खेपेला त्यांनी अंगाखाली टॉवेल घडी करून घेतला. पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "थंडीचा घेतला." त्यांनाही बोलायचं नव्हतं. चार बोटं कापूस निवडताना माझी बोटं सोलवटलेली त्यांनी पाहिली होती, आणि कमान मारताना चाचांचा घाम पाहिला होता. आणि हट्ट तर त्यांचाच होता. आता कुणाला काय सांगणार? ते बोलले नाहीत, मी बोलले नाही, आणि आमच्या दोघांच्या मधे तो कापूस रोज थोडा थोडा घट्ट होत गेला. खड्डा आला की त्यांचं अंग वर उडून माझ्या छातीवर आपटायचं. ते ओरडायचे नाहीत. फक्त श्वास नाकातून जोरात सुटायचा, आणि तो मला त्यांच्या पाठीतून कळायचा.

मी मला येत होतं ते केलं. सीट काढायचे नट कुठं असतात ते भाऊजींना बघून शिकले. बुधवारी आणि शनिवारी दुपारी पान्यानं ती सोडवायची, अंगणात उन्हात टाकायची आणि काठीनं बडवायची, गादी बडवतात तशी.

आत्या एकदा ओट्यावरून ओरडल्या, "काऊन बडवून ऱ्हायली गं तिला? काय केलं तिनं तुहं?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, म्हणून मी आणखी जोरात बडवायला लागले. रेक्झिनमधून कापूस फुगत नसतो. मला ते कळत होतं. तरी बडवत होते.

मालक बाजेवरून बघायचे. डोळे मिटून घ्यायचे.

असं किती दिवस चाललं? पुष्कळ दिवस. संक्रांत येऊन गेली. मग एका मंगळवारी आम्ही परत आलो आणि मी त्यांचं पांघरूण सारखं करायला गेले, तेव्हा दिसलं. कमरेच्या खाली हाडावर कातडी फुटली होती. पैशाएवढी. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. "काई न्हाई. उन्हाळ्यात बरं होतंय." उन्हाळ्यापर्यंतच्या दिवसांचं नाव त्यांनी तेवढं एकदाच काढलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी रानात गेल्यावर मी सीट सोडवली. चुंबळ केली, सीट जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि डोक्यावर घेतली. टेंभुर्णी आमच्याहून पाऊण तासाची वाट. हंडा, भारा, गोणी, डोक्यावर सगळं नेलं होतं आयुष्यात, पण हे काय आहे असं रस्त्यात ज्यानं त्यानं विचारलं. "सीट हाये," असं मी सांगत गेले. चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी माझा मलाच आवाज ओळखू आला नाही, इतका तो सरळ येत होता.

चाचांच्या दुकानात तीन-चार पुरुष बसले होते. मी आत गेले. दारात थांबले नाही. सीट फळीवर ठेवली.

"चाचा, ह्याच्यात फोम टाकून द्या."

"कोनता टाकू, बेटी?"

"पिवळा. दोन वर्षं टिकतो तो."

चाचांनी दुसऱ्याचं काम बाजूला सारलं. कव्हर उसवलं. कापूस निघाला तो कापूस राहिला नव्हता. विटेसारखा झाला होता, आणि त्यात मधोमध एक उतरती जागा होती, एका बाजूला जास्त दबलेली. ते डाव्या अंगावर रेलून बसायचे. चाचांनी तो तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि पिशवीत घालून मला दिला. घरचा कापूस आहे, ज्याचा त्याला द्यायचा, असा त्यांचा रिवाज.

उन्हं कलताना मी परत आले. मालक बाजेवर उठून बसले होते. समोर बिनसीटची गाडी उभी, आतली नळी आणि तारा उघड्या पडलेल्या. मला डोक्यावर सीट घेऊन येताना बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"कुठं गेल्ती?"

"चाचाकडं. फोम टाकला."

"कोन होतं संगं?"

"कोन न्हाई."

"तू बोललीस? दुकानात? मानसं होते?"

"होते."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं असेल. मी तेव्हा मान वर केली नव्हती, म्हणून मला माहीत नाही. मग ते हसले. "मंग आता दोन वर्षं तरी बसावं लागतंय मला. न्हाईतर तुह्या बोलन्याचा खर्चा वाया जायचा."

संध्याकाळी भाऊजींनी सीट बसवली. मालक म्हणाले, आत्ताच बसून बघतो. पण पाय सुजले होते, उचलत नव्हते. "शुक्रवारी बसू," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी त्यांना दम लागला. बसवेना, झोपवेना. भाऊजींनी जीप आणली. ती भरायची वाट त्या दिवशी कुणी पाहिली नाही. मागच्या बाकावर त्यांना आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. राजूर मागं पडलं आणि थोड्या वेळानं माझ्या मांडीवरचं ओझं बदललं. कसं ते सांगता येत नाही. झोपलेलं मूल आणि जागं मूल यांच्या वजनात फरक असतो, तसं काहीसं.

त्या फोमवर ते एकदाही बसले नाहीत.

फोमनं माणूस वाचत नसतो, एवढं मला चौथी शिकलेलीलाही कळतं. भाऊजी म्हणाले, आत्या म्हणाल्या, शहागडहून लेक आली तीही म्हणाली की आई, तू काही केलं असतंस तरी हेच झालं असतं. हेच झालं असतं. पण रस्ता तसा झाला नसता. त्या सगळ्या खेपा, जाताना दीड तास आणि येताना दीड तास, त्या मऊ नाही, तरी सोसवतील अशा झाल्या असत्या. ते माझ्या हातात होतं. तेवढंच माझ्या हातात होतं. मी एक शब्द बोलायला सबंध हिवाळा लावला.

घरात जिथं त्यांना शेवटचं ठेवलं होतं तिथं दहा दिवस दिवा लावायचा होता. वातीला कापूस लागतो. घरातला कापूस विकून झालेला, आणि मला काही सुचत नव्हतं. आत्यांनी कोपऱ्यातली ती पिशवी काढली. शेजारीण म्हणाली, "आवं, बुडाखालचा कापूस हाये तो. देवाला चालत न्हाई."

आत्या बोटांनी तो विटेसारखा कापूस सोडवत होत्या, एक एक तंतू.

"देवाला न्हाई चालत," त्या म्हणाल्या. "ह्याला चालंल."

दहा दिवस पुरला. संपला नाही. उरलेला अजून पिशवीत आहे. फेकवत नाही, आणि त्याचं करण्यासारखं दुसरं काही नाही.

परवा भाऊजींबरोबर चाचांकडं गेले. चाचांची दाढी आता पार पांढरी झाली आहे, कमान पुन्हा वर टांगलेली आहे आणि तिच्यावर जाळी धरली आहे. त्यांनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. फाटकं कव्हर काढलं. फोमवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तसा फोम वर आला, खूणही राहिली नाही.

"ह्याला काय झालं?" चाचा म्हणाले. "नव्यावानी हाये. दोन वर्षं म्हणलो होतो, झाले दोन वर्षं. अजून दोन बिनघोर काढा."

भाऊजी म्हणाले, "वैनी, काय करू? तुम्ही सांगा. मऊ टाकायचा का दुसरा?"

दुकानात कुणी नव्हतं. चाचा थांबले होते, सुई हातात धरून. दोन वर्षांपूर्वी थांबले होते तसेच. विचारावं वाटलं की हा एवढा चांगला फोम घेऊन आता जायचं कुठं. मंगळवार येतो, शुक्रवार येतो, मी पहाटे उठते आणि चूल पेटवून बसते. जालन्याला माझं काही काम नाही. पण असलं काही दुकानात विचारतात का?

"तुम्ही म्हणता तसं," मी म्हणाले.

चाचांनी तोच फोम ठेवला आणि नवं कव्हर शिवलं. चॉकलेटीच. परत निघालो तेव्हा मी मागं बसले, एका अंगानं, पहिल्यासारखी. ऊन उतरत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया कापसाची गाठोडी बांधून उभ्या होत्या. खड्डा आला, गाडी उडाली. काही लागलं नाही. चाचा खरं बोलले होते. हाडाला कळतच नाही.

"वैनी," भाऊजी मान वळवून म्हणाले, "पुढं सरकून बसा. मधी लई जागा हाये."

मी हो म्हणाले, आणि होते तिथंच बसून राहिले.